नीरेकाठचं सांजोवेझे

गेलं वर्षभर पुण्यातल्या तिघा मित्रांनी शहरातल्या मायक्रोब्रुअऱ्या पालथ्या घातल्या. सुरुवात अर्थातच डूलालीच्या आठवणीपासून. 2009 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या या ब्रुअरीच्या नावात देवळाली लपलेली आहे. ब्रिटिश सोल्जरांच्या तोंडी त्या छावणीचा तसा अपभ्रंश झाला होता. कुठे गव्हाची बिअर आवडली, कुठे काळी, कडवट स्टाउट. एक रुखरुख मात्र तिघांनाही लागून राहिली. बार्ली उत्तरेतून येते, हॉप्स बहुतेक परदेशातून. पेल्यात इथलं म्हणावं तर पाणी तेवढं. म्हणून फेब्रुवारीत ते सोलापूरला गेले, द्राक्षं जिथे पिकतात तिथेच वाईन चाखायला.

पहिला थांबा नान्नज. बार्शी रस्त्यावरचं हे गाव पक्षीप्रेमींना माळढोक अभयारण्यामुळे ठाऊक आहे, द्राक्ष बागायतदारांना नानासाहेब काळे यांच्यामुळे. हजारो काड्यांतली एखादीच वेगळा घड धरते. ती हेरायची, जपायची, वाढवायची. अशा नजरेतूनच काळ्यांनी थॉमसन सीडलेसमधून लांबट मण्यांची सोनाका निवडली, पुढे किशमिश चोर्नीतून काळं शरद सीडलेसही. कुठल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नव्हे, एका शेतकऱ्याच्या बागेत हे घडलं, हे सोलापूरकरांनी अभिमानाने सांगावं असंच आहे.

पंढरपूरनंतर गाडी तुकोबांच्या पालखीच्या उलट दिशेने निघाली. बोरगाव, मग माळीनगर. आषाढात इथे उभं रिंगण होतं. फेब्रुवारीत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. नीरेच्या कालव्याच्या भरवशावर सासवडकडचे माळी शेतकरी या भागात आले आणि 1932 मध्ये त्यांनी सासवड माळी शुगर फॅक्टरी ही कंपनी काढली. परक्या मुलखात येऊन मळे फुलवणारी माणसं माळशिरस तालुक्याला नवी नाहीत.

अकलूजचा नीरेकाठचा भुईकोट पाहून तिघे मोटेवाडीला पोहोचले. इथे फ्रातेल्ली या वाईन कंपनीचे मळे आहेत. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून हा व्याप उभा केला. वाईनची सूत्रं टस्कनीच्या पिएरो मासी यांच्याकडे दिली. महाराष्ट्राच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाईनला वाट करून दिली होती. नाशिक त्या वाटेवर पुढे होतं, सोलापूर जिल्ह्याने मात्र धाडस वेगळं केलं. टस्कनीचं सांजोवेझे द्राक्ष माळशिरस तालुक्यात लावलं.

नान्नज पाहून आलेल्या डोळ्यांना इथले घड किरकोळ वाटतात. खायच्या द्राक्षाचे मणी जिबरेलिक आम्लात (जीए) बुडवून फुगवतात, बी नको असते, साल पातळ हवी. वाईनला सगळं उलट. मणी बारीक, साल जाड, आत बी. लाल वाईनचा रंग सालीतून आणि तुरटपणा साल-बियांतून उतरतो, म्हणून रस साल-बियांसकट आंबवतात. टस्कनीत वेल हिवाळाभर झोपतो. इथे त्याला झोप नाही. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि ऊन तापायच्या आत तोडणी. इटलीत सप्टेंबर-ऑक्टोबरात होणारं काम इथे थंडीच्या अखेरीस उरकतं. डावणी आणि भुरी या रोगांची धास्ती मात्र खायच्या बागेइतकीच.

चाखताना आधी शेनँ ब्लाँ आली, हलकी, पेरूची आठवण देणारी. मग सेट्टे. सांजोवेझे आणि काबर्ने सोविन्यों यांचं हे मिश्रण फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरतं. नावाचा अर्थ सात. ती भारदस्त आहे, पण तिघांचं मन जडलं साध्या सांजोवेझेवर. तिच्यात आंबटपणाची धार आहे, जिभेच्या कडेला तुरट ओढ आहे.

एकाने पिशवीतून सोलापुरात घेतलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. चटणीचं तेल आणि तिखट जिभेवर पसरलं, वाईनच्या आंबटपणाने ते धुऊन निघालं आणि शेंगदाण्याचा खमंगपणा मागे रेंगाळला. दुसऱ्याने न बोलता भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला आणि पेला पुढे केला.