यंत्राची कुरकुर

जे यंत्र मुकाट्याने चालते ते ठीक आणि जे आवाज करते ते टाकाऊ, असा एक समज आपल्या सुशिक्षित घरांतून रूढ आहे. माणसांनाही आपण बहुधा हाच न्याय लावतो. परंतु कुरकुर हा पुष्कळदा अपराध नसून ती साक्ष असते, असे आमचे मत झाले आहे. आणि ते कोणत्याही ग्रंथावरून नव्हे, तर कर्जत तालुक्यातील कळंब येथे एका लोहाराच्या शाळेत पाहिलेल्या साध्या दुरुस्तीवरून.

याच तालुक्यात भिवपुरीस १९२२ साली पाण्याच्या बळावर वीज निघू लागली; तरी खेड्यांतल्या लोहारांकडे त्यानंतरही कित्येक वर्षे चामड्याचा भाताच चाले, आणि तो ओढण्याचे काम बहुधा घरच्या बाईकडे असे. आता भात्याच्या जागी विजेचा ब्लोअर आला आहे. भातकापणी तोंडावर आलेली, धार लावण्यासाठी आलेल्या विळ्यांचा ढीग पडलेला, आणि नेमका तेव्हाच हा ब्लोअर घरघरू लागला. मधून मधून किंचाळूही लागला. तो अडकून बसता तर भट्टी विझती आणि हंगामाची कमाई बुडती. कोणी म्हणाले, नवा घ्या. कोणी म्हणाले, गोणपाट गुंडाळा म्हणजे आवाज येणार नाही. गोणपाटाने वारा कोंडून मोटारच जळाली असती, ही गोष्ट निराळी.

लोहाराची म्हातारी कारभारीण मात्र पुढे झाली. “मास्तर, कळ बंद करते, ऐका,” असे ती आम्हांस म्हणाली. कळ बंद झाली. पंखा काही क्षण फिरत राहिला, आणि आवाजही त्याच्याबरोबरच मंदावत गेला. विजेमुळे होणारी गुणगुण प्रवाह तुटताच थांबते; फिरणाऱ्या भागाचा आवाज फिरणे संपेपर्यंत टिकतो. म्हणजे दोष विजेचा नव्हता. नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक, किंवा मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रात सांगितलेली भेदाची रीत, ती याहून निराळी काय आहे?

मग वायर काढून तिने पंखा हाताने फिरविला. पाते कवचास घासत नव्हते. दांडा वरखाली हलवून पाहिला. तो डगमगत नव्हता, म्हणजे बुश झिजले नव्हते. कवच उघडताच कारण दिसले. कोळशाची भुकटी आणि राख पात्यांवर एका बाजूस जास्त थापली होती. अशी मोटार मिनिटास तीन हजारांच्या आसपास फेरे घेते. त्या वेगात तोळाभर असमतोलही सारे यंत्र हादरवितो. ही झाली घरघर. किंचाळणे होते ते कोरड्या पडलेल्या बुशाचे. लोहाराने पाती ब्रशने साफ केली, बुशांत पातळ तेलाचे चार थेंब सोडले, आणि ब्लोअर पुन्हा सुरळीत चालू लागला. त्यात बंदिस्त छऱ्यांचे बेअरिंग असते तर तेल आत शिरले नसते. ते बदलावेच लागले असते.

थंड देशांतील घरांत शेगडीच्या कोनाड्यात लोखंडी पेटी बसवून तिची ऊब असल्याच पंख्याने खोलीभर खेळवितात. तेथेही रोग हेच आणि निदानाची रीत हीच.

आम्हांस विशेष वाटले ते या म्हातारीच्या कानाचे. ज्या यंत्राने तिच्या हातचा भाता काढून घेतला, त्याचे दुखणे तिनेच ओळखले. वारा केव्हा अडतो, केव्हा मोकळा वाहतो, हे जन्मभर भाता ओढून तिच्या अंगी मुरले होते. जुने साधन गेले म्हणून अश्रू ढाळण्याचे कारण नाही. भात्यापेक्षा ब्लोअर सोयीचा, हे तीही कबूल करते. परंतु साधनाबरोबर हा कानही आपण मोडीत काढला, तर पुढे प्रत्येक कुरकुरीवर आपल्यापाशी दोनच उपाय उरतील: एक गोणपाट, आणि दुसरा उकिरडा.