दोन नांदेड आणि शरीराची गफलत

जानेवारी २०२५ मध्ये टीव्हीवर ‘नांदेड’ आणि ‘जीबीएस’ हे शब्द एकत्र ऐकून आमच्या तामसीच्या घरात आजी घाबरली. ‘‘नांदेडची आपली माणसं बरी हायेत का, फोन लावून बघ,’’ म्हणाली. बातमी होती पुण्यातल्या सिंहगड रस्त्याजवळच्या नांदेड गावाची. नाव तेच, गाव वेगळं.

गंमत म्हणजे जीबीएस, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम, हा आजारही पुष्कळदा अशाच सारखेपणातून होतो. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू दूषित पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या चिकनमधून पोटात जातो आणि जुलाब होतात. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतं. पण या जिवाणूच्या काही प्रकारांच्या आवरणावर साखरेचे जे रेणू असतात, त्यांची ठेवण आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड या रेणूंशी जवळजवळ जुळते. जिवाणू संपला तरी प्रतिपिंडं ती खूण पाहून आपल्याच नसांवर तुटून पडतात.

पुण्यात त्या साथीत दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले आणि काहींच्या तपासणीत हाच जिवाणू सापडला. एरवी हा आजार दुर्मीळच. या जिवाणूची लागण झालेल्या साधारण हजारात एकाला तो होतो, आणि तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. म्हणून रुग्णाला टाळू नये.

आपल्यापैकी बरेच जण शिक्षणासाठी, नोकरीसाठी हैदराबाद किंवा पुण्यात राहतात. खोलीवर टँकरचं पाणी, जेवण बाहेरचं. जुलाब झाले की ‘अशक्तपणा आहे, जाईल’ असं आपण म्हणतो. इथेच फसगत होते. साध्या अशक्तपणात थकवा येतो, पण पाय चालतात. जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढवेना, उकिडवं बसल्यावर उठता येईना, तर ते वेगळं समजावं. ही कमजोरी वर चढत श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकते. अशा वेळी सलाईन लावून घरी थांबू नये. मेंदू आणि नसांचे डॉक्टर असलेलं मोठं हॉस्पिटल त्याच दिवशी गाठावं. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं किंवा प्लाझ्मा बदलणं, हे उपचार लवकर सुरू झाले तर अधिक उपयोगी पडतात. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, मात्र त्याला कधी आठवडे, कधी महिने लागतात.

पाणी उकळून प्या, चिकन पूर्ण शिजवा. आणि खोलीवरचा मित्र ‘पाय उचलत नाहीत’ म्हणाला, तर त्याला आराम कर म्हणू नका, गाडी काढा.