भाडं बिल्डर देणार होता

‘‘भाव कशाला करायचा? बिल्डर देतोय.’’ आमच्याच मजल्यावरच्या वहिनी एजंटसमोर इतक्या सहज बोलून गेल्या, की ते वाक्य आठवलं की अजून अंगाची लाही होते.

मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीत आम्ही वन बीएचके भाड्याने घेतला होता. भाडं 27 हजार. नवरा आणि मी, दोघंही नोकरी करतो. दोघांचे मिळून हातात 84 हजार येतात. मुलीची फी आणि स्कूल बस, किराणा, दूध, लाइट, गॅस, लोकलचे पास, गावी सासूबाईंची औषधं, विम्याचे हप्ते. मुंबईकराला यादी वाचून दाखवायची गरज नाही. हे सगळं जाऊन चार-पाच हजार मागे पडायचे आणि आपलं बरं चाललंय असं वाटायचं.

मग सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. मालकांना बिल्डरकडून नवं मोठं घर, काम पुरं होईपर्यंत दरमहा 38 हजार भाडं, वर दलाली आणि सामान हलवायचा खर्च. आम्हाला एका महिन्याची नोटीस. जुन्या पागडीवाल्या भाडेकरूला निदान कायद्याचा आधार असतो. 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवाल्याला या व्यवहारात कुणी धरतच नाही. मालक काका माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, ‘‘तुमचं काय, दोघं कमावता, कुठेही मिळेल.’’

इथे नीट समजून घ्यायला हवं. आमच्या दोन विंगमधली सगळी बिऱ्हाडं एकाच महिन्यात घर शोधायला बाहेर पडली. प्रत्येकाला तीच शाळा, तेच स्टेशन, तीच भाजीगल्ली हवी. म्हणजे त्याच चार रस्त्यांवर घरं कमी झाली आणि गिऱ्हाईकं वाढली. त्यातल्या बहुतेकांचं भाडं दुसराच कुणी भरणार होता. एक घर आम्ही 33 हजारांवर जवळजवळ ठरवलं होतं. संध्याकाळी टोकन द्यायचं होतं. दुपारी वहिनी ते घर बघून आल्या आणि 37 म्हणाल्या. घासाघीस नाही, विचार करून सांगते नाही. त्यांना 38 मिळणार होते. 37 दिले तरी हजार शिल्लकच. आम्हाला मात्र वरचे चार हजार म्हणजे जुन्या घरातली महिन्याची सगळी बचत. एजंटने खांदे उडवले, ‘‘मॅडम, मार्केट रेट आहे.’’ कसलं मार्केट? शेजारच्या गल्लीतली सोसायटी आता तिच्या बिल्डरसमोर हाच 37 चा आकडा ठेवून भाडं मागेल, ते मंजूर झालं की इथली घरं आणखी चढतील, आणि हा खेळ स्वतःच्या पगारातून भाडं भरणाऱ्याच्या डोक्यावरून चालू राहील.

शेवटी एका तळमजल्यावर 36 हजारांत घर मिळालं. दीड लाख डिपॉझिट, महिन्याचं आगाऊ भाडं, तेवढीच दलाली, टेम्पो आणि हमाल. जुनं डिपॉझिट घर खाली केल्यावर परत मिळणार, नवं मात्र किल्ली हातात येण्याआधी भरायचं. या मधल्या आठवड्यासाठी मी मंगळसूत्र सोडून सगळं सोनं तारण ठेवलं. कुटुंबाला शहरात किती उत्पन्न लागतं याचे हिशोब मांडणारे हा आठवडा कधीच धरत नाहीत.

सरकारी आकड्यांचीही गंमतच आहे. रेशनच्या प्राधान्य कुटुंबासाठी शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59 हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. तेवढ्यात इथे कोण जगतं? म्हाडाच्या सोडतीत मुंबई परिसरात 6 लाखांपर्यंत अत्यल्प गट, 9 लाखांपर्यंत अल्प, 12 लाखांपर्यंत मध्यम. म्हणजे आम्ही कागदोपत्री मध्यम उत्पन्नवाले. वहिनींच्या घरात फक्त एक पेन्शन येते. उत्पन्नाच्या रकान्यात त्या आमच्या खाली, भाड्याच्या बाजारात आमच्या वर. शहरात किती उत्पन्न लागतं, हा आकडा तुमच्या गरजा किती यावर ठरत नाही. त्याच घराच्या दारात तुमच्या शेजारी कोण उभं आहे, यावर ठरतो.

वहिनींचा राग मात्र धरून ठेवता येत नाही. मधल्या काळात आईची डोंबिवलीची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली. मीच भावाला फोनवर बजावलं, भाडं पाच हजारांनी वाढवून मागा, त्याशिवाय सही करू नका. आईने आयुष्यभर त्या घराचे हप्ते फेडलेत, तिने का सोडावं? तेव्हा डोंबिवलीतल्या कुठल्या भाडेकरूचा विचार माझ्या मनात आला नाही, आणि आला असता तरी मी हेच सांगितलं असतं.

मुंबईत तिघांना किती लागतात, असं कुणी विचारलं की पूर्वी मी ऐंशी हजार सांगायची. आता सव्वा लाख सांगते. एवढे आम्हाला मिळत नाहीत, तरी राहतोच आहोत. भाड्याने घर घेणाऱ्यांनी मात्र नळाला पाणी किती वेळ येतं हे विचारण्याआधी सेक्रेटरीला विचारावं, रिडेव्हलपमेंटसाठीची, सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ ची प्रक्रिया कुठवर आली आहे? आणि करारात एक कलम घालून घ्यावं, की रिडेव्हलपमेंटमुळे मुदतीआधी घर सोडायला लावलं तर पुढच्या घराची दलाली मालकाने द्यायची. आम्ही ते घातलं होतं. नव्या मालकांनी मसुद्यातून ते काढायला लावलं. मुलीची शाळा सोमवारी उघडत होती, आम्ही सही केली.