निकेलचा पाईप, सिक्स-जी टेस्ट आणि मेरिटवाल्यांना काही प्रश्न



आरक्षणाचा विषय निघाला की समोरचा एक वाक्य हमखास फेकतो, "मेरिटवर या ना!" मी सोळा वर्षे आर्गन वेल्डर आहे. तळोजा, पाताळगंगा, दहेज आणि मधली चार वर्षे आखातात, सगळीकडे पाईपच जोडले. आमच्या धंद्यात आरक्षण नाही, मुलाखत नाही, इंग्रजी येते का असे कोणी विचारत नाही. पाईपचे दोन तुकडे हातात देतात. जोड एक्स-रेला पास झाला तर काम, नाही तर गेटपास जमा करून घरी. मेरिटवाल्यांना हवे तसे निर्भेळ मेरिट म्हणतात ते हेच असावे. म्हणून या टेस्टबद्दल जरा सविस्तर लिहितो. टेस्ट प्रामाणिक आहे, पण टेस्टपर्यंत कोण पोचणार हे ठरवणारी व्यवस्था तशी नाही. आपल्या पोरांनी या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

आधी टेस्ट. सिक्स-जी म्हणजे पाईप ४५ अंशांत तिरपा बांधायचा आणि तो फिरवायचा नाही. फिरायचे वेल्डरने. पोटाखाली शिरून डोक्यावरचे वेल्डिंग, बाजूने चढते, माथ्यावर पुन्हा वेगळे, आणि हात मध्येच थरथरला तर ती थरथर कायमची धातूत राहते. या एका स्थितीत पास झालेल्याला पाईपच्या बाकी स्थितींची वेगळी टेस्ट द्यावी लागत नाही. बऱ्याच शॉपमध्ये दोन इंची जाड पाईप देतात, कारण अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या कोडचा जो नववा भाग आपल्याकडे सर्रास चालतो, त्या सेक्शन नाइनप्रमाणे दोन इंची पाईपवर पास झालेला माणूस २५ मिमी व्यासापासून पुढे कितीही मोठा पाईप जोडू शकतो. जाडीचा हिशेब वेगळा. टेस्टला जितकी जाडी भरली त्याच्या दुप्पट जाडीपर्यंतची पात्रता मिळते. १३ मिमी किंवा जास्त, आणि तीही किमान तीन थरांत भरली, तर जाडीला मर्यादाच राहत नाही.

आता हाच पाईप साध्या लोखंडाऐवजी इन्कोनेल ६२५ चा असेल तर? यात साठ टक्क्यांच्या आसपास निकेल, २० ते २३ टक्के क्रोमियम, ८ ते १० टक्के मॉलिब्डेनम, थोडे नायोबियम. समुद्राचे पाणी, आम्ल, मोठे तापमान, जिथे स्टेनलेस हात टेकते तिथे हा धातू लावतात. वितळलेल्या धातूला आम्ही पाणी म्हणतो. कार्बन स्टीलचे पाणी धावते. इन्कोनेलचे पाणी मालकाच्या पोरासारखे, ढकलल्याशिवाय जागचे हलत नाही. नवा पोरगा काय करतो, अँपियर वाढवतो. त्याने पाणी धावत नाही, फक्त जोड तापतो आणि पुढे चिरतो. म्हणून खाच स्टीलपेक्षा रुंद उघडायची, मुळाशी ओठ पातळ ठेवायचा, आणि तार नेमकी जिथे धातू हवा तिथे दोन्ही भिंतींना नेऊन टेकवायची. दोन थरांच्या मधले तापमान १५० अंशांच्या आत. घाई असेल त्याने या धातूच्या वाटेला जाऊ नये.

स्वच्छतेचे तर विचारूच नका. तेलाचा हात, खडूची खूण, रंगाचा ठिपका, लोखंडावर चाललेला ब्रश, कशातूनही गंधक किंवा शिसे आत गेले की गरम जोडात बारीक चीर पडते. प्रत्येक थरानंतर वर काळपट पापुद्रा येतो. तो ऑक्साइड. धातू १३०० ते १३५० अंशांना वितळतो, निकेलचे ऑक्साइड मात्र १९०० च्या पुढे. म्हणजे पुढच्या थरात तो वितळत नाही, तसाच आत गाडला जातो आणि फिल्मवर दिसतो. तारेच्या ब्रशने घासले तर पापुद्रा चमकतो, निघत नाही. ग्राइंडरच लावावा लागतो. पाईपच्या आत आर्गन भरून हवा बाहेर काढायची, त्याला पर्जिंग म्हणतात. ते कच्चे राहिले तर मुळाची मागची बाजू जळक्या साखरेसारखी खडबडीत होते. आणि आर्क सोडताना खड्डा भरून, आर्क बाजूच्या भिंतीवर नेऊन, गॅस थांबेपर्यंत टॉर्च तिथेच धरून बसायचे. मला हे शिकवणारे उस्ताद केरळचे होते. ते म्हणायचे, "आर्क बंद केल्यावर दहा आकडे मोज, मगच हात उचल." वेल्डरचा कस तिथे लागतो असे माझे आजही मत आहे. जोड सुरू करणे कोणालाही येते.

यानंतर फिल्म. पाईपचा पूर्ण घेर शूट होतो. बुडबुडे, न मिसळलेली कड, टंगस्टनचा तुटलेला कण, सगळे दिसते. टंगस्टन जड, म्हणून फिल्मवर तो पांढरा ठिपका होऊन चमकतो. एक्स-रे नसेल तर पट्ट्या कापून वाकवतात. सिक्स-जीला चार पट्ट्या, आणि वाकलेल्या बाजूवर ३ मिमीपेक्षा मोठी फट उघडली की नापास. त्या तुकड्यावर आणि त्या फिल्मवर वेल्डरचा स्टॅम्प नंबर असतो. आडनाव नसते. डार्करूममध्ये फिल्म वाचणाऱ्याला मी कोणत्या वस्तीतून आलो हे कळायचा मार्ग नाही. मी पहिल्यांदा पास झालो तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद याच गोष्टीचा झाला होता. शाळेत प्रत्येक मास्तर आडनाव विचारून मगच वही उघडायचा.

पण इथे थांबलो तर मी मेरिटवाल्यांचीच वकिली केली असे होईल. प्रश्न असा आहे की त्या तिरप्या पाईपसमोर उभे राहायची संधी कोणाला मिळते? आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, आठवी पासवर प्रवेश. तिथे टिगची ओळख होते, निकेलचा पाईप तिथे येत नाही. तो शॉपमध्येच शिकावा लागतो, आणि शॉपमध्ये शिकायचे तर कोणीतरी टॉर्च हातात द्यावा लागतो. आठ-आठ वर्षे ग्राइंडर मारणारे, पर्जिंगची टेप लावणारे, सिलिंडर ओढणारे हेल्पर मी पाहिले आहेत. फोरमनचा पुतण्या सहा महिन्यांत टॉर्चवर बसतो. तुम्ही ज्या शॉपमध्ये असाल तिथे एकदा मोजून पाहा, ग्राइंडरच्या धुळीत कोण आहे आणि टॉर्चवर कोण आहे.

हे नवीन नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत साचेखात्याचा, म्हणजे विणकामाचा पगार जास्त होता. पण धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही हातात घेणार नाही असे सवर्ण कामगारांचे म्हणणे, आणि तेवढ्यावर आपल्या माणसांना ते खाते बंद. कौशल्य नव्हते म्हणून नव्हे, कौशल्य शिकायची जागाच बंद होती म्हणून. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. पुढे १९४२ साली व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाल्यावर त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांबरोबर तांत्रिक प्रशिक्षणाचीही मागणी होती, छापखाने आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी ही. आपण त्यातली शिष्यवृत्ती लक्षात ठेवली आणि वर्कशॉप विसरलो.

आज धोट्याची जागा पैशाने घेतली आहे. ठेकेदार म्हणतो, "इन्कोनेलचा पाईप किती महाग आहे माहीत आहे का? तुझ्या सरावाला कुठून देऊ?" या उत्तरावर माझ्यासकट सगळे गप्प बसायचे, कारण पाईप खरोखर महाग आहे. पण कोड उघडून वाचला की वेगळेच दिसते. सेक्शन नाइनच्या क्यूडब्ल्यू-४२३ मध्ये वेल्डरच्या टेस्टसाठी पाईपचा धातू बदलायची मुभा आहे. कार्बन स्टील, स्टेनलेस, निकेलचे मिश्रधातू, हे सगळे वेल्डरच्या पात्रतेपुरते एकाच रांगेत धरले आहेत. अट तारेची आहे. स्टीलची तार एफ-६ गटात येते, तिच्यावर पास झालेला निकेलला चालत नाही. निकेलच्या तारा एफ-४१ ते ४६ गटांत, आणि त्यातल्या एका गटात पास झाला की या सगळ्या गटांना चालतो. म्हणजे भंगारातला कार्बन स्टीलचा पाईप आणि निकेलची तार, एवढ्यावर टेस्ट कोडप्रमाणे होऊ शकते. काही ग्राहक कंपन्या स्वतःच्या अटीत खरा इन्कोनेलच मागतात, तो त्यांचा हक्क. आणि स्टीलच्या भिंतीवर तेच पाणी थोडे बरे वागते, हेही खरे. पण "महाग पाईप" हे कारण सरावापुरते संपते.

हिशेबच करून दाखवतो. दोन इंची जाड पाईपचा एक जोड भरायला दीड-दोनशे ग्रॅम तार लागते. तार किलोला काही हजार रुपये पडते. पंधरा जोडांत पोरगा तयार होतो असे धरले तर अडीच-तीन किलो तार. आपल्या जयंतीच्या डीजेचे एका रात्रीचे भाडे काढा आणि शेजारी हा आकडा ठेवा. कोणाला राग आला तरी चालेल.

दुसरी अडवणूक कागदाची. टेस्ट पास झाल्यावर एक फॉर्म भरतात, डब्ल्यूपीक्यू. त्यात स्टॅम्प नंबर, पद्धत, तारेचा गट, स्थिती, जाडी, फिल्मचा निकाल आणि खाली कंपनीची सही. सेक्शन नाइनमध्ये वेल्डरला तपासायची जबाबदारी काम देणाऱ्या संस्थेची आहे, त्यामुळे हा कागद तिच्या फाईलमध्ये राहतो. तुम्ही दुसरीकडे गेलात की नवी संस्था पुन्हा टेस्ट घेणार. इथवर ठीक. पण जुन्या कागदाची प्रत हातात असेल तर नवा माणूस तुम्हाला निकेलच्या टेस्टला उभा तरी करतो. मी एका ठिकाणी दोन वर्षे इन्कोनेल मारला. सोडताना प्रत मागितली तर ठेकेदार म्हणाला, ती कंपनीची प्रॉपर्टी आहे. पुढच्या साइटवर मला पाच आठवडे कार्बन स्टीलच्या रेटवर काढावे लागले, मग टेस्ट मिळाली. वेल्डरला प्रत देऊ नये असे कोडमध्ये कुठेही लिहिलेले नाही. त्यात आणखी एक अट आहे. त्या पद्धतीने सहा महिने वेल्डिंग केले नाही तर पात्रता संपते. घरी आई आजारी पडली, बाळंतपण आले, ठेका संपला, घड्याळ चालूच. म्हणून शेवटचा जोड कोणत्या तारखेला मारला त्याची नोंद स्वतःच्या वहीत पाहिजे, आणि फॉर्म टेबलावर असतानाच त्याचा फोटो. नंतर मागितला तर मिळत नाही.

बॉयलरच्या कामात असे होत नाही. १९५० च्या भारतीय बाष्पके विनियमांखाली राज्य सरकारचे अधिकारी वेल्डरची परीक्षा घेतात आणि प्रमाणपत्र वेल्डरच्या नावाने मिळते. ते खिशात घालून माणूस कोणत्याही गेटवर जाऊ शकतो. मग निकेल आणि स्टेनलेसच्या पाईपसाठी असे का नको? आयटीआयमध्ये टेस्टचे केंद्र आणि वेल्डरच्या नावाने कागद, ही मागणी आपल्या कामगार संघटनांच्या यादीत अजून दिसत नाही. ठेकेदारी बंद करा ही घोषणा आपण देतो, ती दिलीच पाहिजे, पण ठेकेदाराच्या कपाटातला कागद आधी बाहेर काढा.

काही कार्यकर्ते मला म्हणतात, "भाऊ, पोरांना स्पर्धा परीक्षांना बसवायचे सोडून तुम्ही टॉर्च काय देता?" जे काम जातीने गळ्यात मारले ते सोडा, हे बाबासाहेबांनी सांगितले. वेल्डिंग कोणत्याही जातीने कोणाच्या गळ्यात मारलेले नाही, त्याला घराणे नाही. आणि अभ्यासिकेत सात-सात वर्षे काढून तिशीत रिकाम्या हाताने परतणारी पोरे कोणाला मोजायची नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही चौघांनी मिळून एक गाळा भाड्याने घेतला आहे. रविवारी सराव चालतो. मशीन जुने, पाईप भंगारातला, तार वर्गणीतून. पट्ट्या वाकवायला हायड्रॉलिक जॅकचे जुगाड केले आहे. सहा जण येतात, त्यात एक मुलगी आहे, आयटीआय झालेली, कल्याणहून लोकलने येते. दोन शॉपनी तिला बाईला पाईपवर घेत नाही म्हणून परत पाठवले. गेल्या रविवारी तिच्या चारही पट्ट्या वाकवल्या. तीन साफ गेल्या, एकीवर दीड मिमीची फट उघडली, ती नियमात बसते. आता तिला कोणत्या शॉपमध्ये टेस्टला उभे करतील ते शोधतो आहोत. तळोजा-पाताळगंगा पट्ट्यात कोणाच्या ओळखीचा क्यूसी इंजिनिअर असेल तर कळवा. तार आणि पाईप आम्ही घेऊन येऊ.