गोल्डविंगला गाडीचा टायर

धारवाडात आमची तिसरी पिढी. मी बेलूर इंडस्ट्रियल एरियाजवळ हायवेला लागून टायरचं दुकान चालवतो. ट्रक, टेम्पो, कारखान्यात जाणाऱ्यांच्या बाइक, सगळं येतं. त्यामुळे नातेवाईकांत कुणाच्याही चाकाचा प्रश्न माझ्याकडेच येतो, अगदी अमेरिकेतूनसुद्धा.

माझे चुलतभाऊ नाना ह्यूस्टनला असतात. निवृत्तीनंतर त्यांनी होंडा गोल्डविंग घेतली. 1800 सीसीची, सहा सिलिंडरची, वजन चारशे किलोच्या आसपास. मागे वहिनी ऐटीत बसतात, सोफ्यावर बसावं तशा. एवढ्या वजनाने मागचा टायर पंधरा-वीस हजार किलोमीटरला गुळगुळीत होतो आणि तिकडे बदलायला खर्च भरपूर. म्हणून नानांनी मागे चक्क मोटारगाडीचा टायर चढवला! मूळचा 180/60 आर 16, याने लावला 195/55 आर 16. तिकडे असं करणारे बरेच आहेत म्हणे, त्यांना 'डार्कसायडर' म्हणतात. टायरची दुकानं हे काम बहुतेक नाकारतात, म्हणून नानांनी मित्राच्या गॅरेजात बसवून घेतला.

मला फोन वहिनींचा आला. "भाऊजी, तुम्ही यातले. मी मागे बसू का नको, तेवढं सांगा."

आता फोनवर 'बसू नका' म्हणणं सोपं. पण नानांचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. गाडीचा टायर दुप्पट-तिप्पट चालतो, वजन सहज पेलतो, आणि ह्यूस्टनचे रस्ते म्हणजे टेबलासारखे सपाट. माणसं वर्षानुवर्षं चालवतात.

मी वहिनींना म्हटलं, स्वयंपाकघरातली वाटी आणि डबा घ्या. बाइकच्या टायरची पाठ वाटीच्या बुडासारखी गोल. बाइक वळणावर झुकते तेव्हा तो नुसता कडेकडे लोळतो, रस्त्याला टेकलेला भाग जवळपास तेवढाच राहतो. गाडीचा टायर डब्याच्या बुडासारखा सपाट, कारण गाडी झुकत नाही. बाइक झुकली की तो कडेवर उभा राहतो आणि परत सरळ व्हायला बघतो. मग वळण संपेपर्यंत हँडल दाबून धरावं लागतं. रस्त्यात चर असला तर गाडी आपली आपण बाजूला ओढते. साइडकार असेल तर गोष्ट वेगळी, ती झुकतच नाही.

पण माझी खरी भीती रिमची. टायरची कड, आम्ही बीड म्हणतो, ती जिथे बसते ती जागा बाइकच्या आणि गाडीच्या रिमला सारखी नसते. कड नीट बसवायला कधी कधी जास्त हवा मारावी लागते. बसली तर बसली. वेगात असताना हवा कमी झाली आणि कड सुटली, तर मागच्या माणसाला धरायला काही नाही. बाइकवाले आणि टायरवाले दोघेही याला नको म्हणतात, ते काही उगाच नाही.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. नानांशी वाद घातला नाही. त्यांचा ब्लू रिज पार्कवेचा बेत ठरला होता. 469 मैल डोंगरातला रस्ता, वळणच वळण. वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बाइकवर या, मी मागून गाडी घेऊन येते."

चार दिवस घरात शांतता. पाचव्या दिवशी नानांचा फोन. "अरे, बाइकचाच टायर मागवलाय. हवा किती ठेवू?"

काढलेला टायर मागच्या अंगणात आहे. वहिनींनी त्यात अळू लावलाय.