लॅपटॉप जागाच होईना!

दोस्तांनो, थापा फक्त मुलंच मारतात असं तुमच्या घरात कुणी म्हणत असेल, तर त्यांना ही हकीकत वाचायला द्या. थाप मी मारली होती, आणि तीही आठवीतल्या माझ्या लेकीला.

त्याचं असं झालं. मे महिन्याच्या सुट्टीत लेकीनं तिच्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, जात्यावरच्या ओव्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केल्या. चांगल्या ६२ ओव्या! आई हल्ली फार विसरते. सकाळी चहा घेतला की नाही, हेही दहा वाजता आठवत नाही. त्यामुळे त्या ओव्या पुन्हा मिळण्यातल्या नव्हत्या. दुसरीकडे उतरवून ठेवल्या होत्या का म्हणाल, तर छे! "उद्या ठेवू" असं आम्ही दोघंही म्हणत राहिलो.

एका रविवारी लॅपटॉपनं विचारलं, फर्मवेअरची नवी आवृत्ती आली आहे, बसवू का? मी म्हटलं, बसव बाबा. लेक आंघोळीला गेली होती. टक्के पुढे सरकू लागले. मग पडदा काळा झाला आणि आतला पंखा भर्रर्र फिरू लागला. पाच मिनिटं झाली, सात झाली. मला वाटलं, अडकलं गाडं! आणि मी पॉवरचं बटण दाबून धरलं.

पंखा थांबला. पुन्हा चालू केलं, तर कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकला, पण पडदा काळा ठिक्कर.

"काय झालं, बाबा?" लेक केस पुसत बाहेर आली.

"अगं, मध्येच लाइट गेली!"

आमच्याकडे लाइट इतकी जाते, की तिनं मान वर करून घरातल्या पंख्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता हे फर्मवेअर म्हणजे काय? हा शब्द १९६७ साली अ‍ॅशर ऑप्लर नावाच्या संगणकतज्ज्ञानं वापरात आणला. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधलं, म्हणून फर्मवेअर. लॅपटॉप चालू केला की विंडोज लगेच येत नाही. आधी एक छोटा प्रोग्रॅम मेमरीला उठवतो, पडद्याला उठवतो, डिस्क शोधतो आणि मग सगळा कारभार विंडोजच्या हाती देतो. शाळेच्या दिवशी घरातल्या सगळ्यांना उठवणारी आई असते ना, अगदी तस्संच! हा प्रोग्रॅम आठ पायांच्या एका इवल्याशा चिपमध्ये राहतो. आमच्या लॅपटॉपमधली चिप १६ मेगाबाइटची. मोबाइलवर काढलेले चार-पाच फोटो घातले की भरलीच. नवी आवृत्ती बसवताना जुना मजकूर पुसून नवा लिहितात. मी नेमकं तेव्हाच बटण दाबलं. अर्धी पाटी पुसलेली आणि अर्धी लिहिलेली!

(तुमच्या आईबाबांना 'सीआयएच' हा व्हायरस आठवत असेल. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्यानं तो १९९८ साली लिहिला. २६ एप्रिल १९९९ला त्यानं कितीतरी संगणकांवर धुमाकूळ घातला, आणि काहींच्या या चिपमधला मजकूरच बिघडवून टाकला. मी व्हायरसचं काम एका बोटानं केलं, म्हणा.)

घरी आम्ही खूप खटपट केली. चार्जर काढून बटण ३० सेकंद दाबून धरलं. टीव्हीला जोडून पाहिलं, न जाणो, नुसता पडदाच बिघडला असेल! टीव्हीही काळाच. मग आमच्या मॉडेलची फाइल मोबाइलवर उतरवली, शेजाऱ्यांच्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर घेतली आणि सांगितलेल्या दोन कळा दाबून लॅपटॉप चालू केला. काही नाही. पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा होता, आणि अशा वेळी लॅपटॉपला सहसा फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेलाच वाचता येतो, हे लेकीनंच शोधून काढलं. जुना ८ जीबीचा तसा करून लावला. तरीही ढिम्म! स्वतःला सावरायचा भागही पुसला गेला असणार.

सोमवारी दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलानं मागचं झाकण उघडता उघडता विचारलं, "नक्की काय झालं होतं?"

"लाइट गेली," लेक म्हणाली.

"मग काय झालं? आत बॅटरी आहे की! लाइट गेली तरी लॅपटॉप बंद पडत नाही."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. दुकानात भलतीच शांतता पसरली. मी म्हणालो, "बटण मी दाबलं." ती काहीच बोलली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

त्या मुलानं आधी बॅटरीची जोडणी काढली. भिंगातून चिपवरचा नंबर वाचला, कारण काही चिपना ३.३ व्होल्ट लागतात आणि काहींना १.८, चुकलं तर चिपच जळायची. मग तिच्या आठ पायांवर एक चिमटा बसवला आणि आतला मजकूर दोनदा वाचून घेतला. दोन्ही वाचनं जुळेनात! चिमटा नीट बसला नव्हता. परत बसवला, तेव्हा जुळली. बिघडलेला मजकूर कशाला जपायचा, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काका, लॅपटॉपचा सीरियल नंबर, विंडोजची किल्ली हे सगळं याच्यातच आहे." तेवढा भाग त्यानं नव्या मजकुरात घातला आणि चिपवर लिहिला.

"आणि माझ्या ओव्या?" लेकीनं हळूच विचारलं.

"त्या डिस्कवर. तिला कुणी हात लावलेला नाही."

बटण दाबलं. पडदा काळा. पंखा भर्रर्र. एक मिनिट, दोन मिनिटं... माझा हात आपोआप पुढे गेला, तो लेकीनं घट्ट धरून ठेवला. "पहिल्यांदा वेळ लागतो," तो मुलगा म्हणाला. आणि कंपनीचं चिन्ह उमटलं!

पण लगेच निळा पडदा आला. डिस्क कुलूपबंद होती, आणि चिपमधला मजकूर बदललेला पाहून लॅपटॉप ४८ आकडी किल्ली मागत होता. लेकीनं ती मोबाइलवर तिच्या खात्यात शोधली आणि सहा-सहा आकडे वाचून दाखवले. मी टाइप करताना एकदा चुकलोच.

घरी आल्याबरोबर तिनं ६२च्या ६२ ओव्या दोन पेन ड्राइव्हवर उतरवल्या. मग आजीजवळ जाऊन बसली. "आजी, लाइट गेलीच नव्हती. बाबानंच बटण दाबलं होतं."

आई हसली. "रेडिओचंसुद्धा यानं असंच केलं होतं. आणि मांजरीनं पाडला म्हणून सांगितलंन."

चाळीस वर्षं झाली त्याला. मला वाटलं होतं, ती विसरली असेल.