पंपाचं सील तोडू नकोस

पौड, ता. मुळशी

चि. संदीपास,


टाटा ४०७ ला काम केलेलं, कमी पैशांतलं इंजिन बसवायचं ठरवलंस, ते मला पटलं. जुन्या गाडीवर खर्च कशाला, असं घरात कोणी म्हणेलच. पण १९८६ साली टेल्कोने ही गाडी बाजारात आणली तेव्हा टोयोटा, मित्सुबिशी, माझदा, निस्सान अशा जपानी नावांचे स्पर्धक समोर होते, आणि त्यांच्यापुढे ती टिकली. हिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि हिचं इंजिन उघडलेला मिस्त्री कुठेही भेटतो. लायनर बदलता येतो, क्रँक ग्राइंड करता येतो. चासी आणि गिअरबॉक्स धड असतील, तर इंजिन बदलणं हा शहाणपणाचाच खर्च आहे. माझा आग्रह एवढाच की इंजिनात वाचलेले पैसे मोजमाप, डिझेल पंप आणि रेडिएटर यांवर घाल. स्वस्त इंजिन फसतं ते बहुधा याच ठिकाणी हात आखडल्यामुळे.

रंग मारलेला ब्लॉक आणि नव्या गॅस्केट पाहून आतलं काही कळत नाही. लायनर सगळ्यांत जास्त झिजतो तो वरच्या टोकाला, जिथे रिंग थांबून उलटी फिरते. तिथलं माप आणि खालचं माप यांत फरक असेल, तर नवी रिंग घालूनही काँप्रेशन नीट धरत नाही. क्रँक किती अंडरसाइज केला आणि बेअरिंग त्याच मापाचं आहे का, हेही इंजिन जोडून बंद करण्याआधीच बघायचं. अनुभवी मिस्त्रीला आवाजावरून सगळं कळतं, असं लोक म्हणतात. त्याच्या कानाचा मान राखूनही सांगतो, बेअरिंगचा ठोका ऐकू येतो तो गॅप वाढून गेल्यावर. मायक्रोमीटर तीच गोष्ट आधी दाखवतो. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरातून इंजिन घे किंवा दुसरीकडून, मापं कागदावर मागून घे. जो ती द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊ नकोस.

आता पंपाचं. गाडी ताम्हिणी घाटात लोड घेऊन चढली पाहिजे म्हणून पंप थोडा वाढवून देतो, असं तुला हमखास सांगतील. यात अगदीच तथ्य नाही असं नाही. सिलिंडरमध्ये हवा शिल्लक असेल तोवर जास्त डिझेलने ओढ वाढते. पण तुझं इंजिन बिनटर्बोचं. २,९५६ सीसीचं हे इंजिन एका चक्रात ठरावीकच हवा ओढणार, आणि समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर, म्हणजे आपल्या मुळशीच्या उंचीला, ती हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. म्हणजे घाट चढताना हवा आणखी कमी आणि आपण डिझेल वाढवायचं! हवा संपल्यावर घातलेलं डिझेल पूर्ण जळत नाही. मागून काळा धूर होऊन जातं, एक्झॉस्ट तापवतं आणि लायनरवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं. नव्या रिंगांना नेमकं हेच सोसत नाही. म्हणून पंपाचं सील तोडून कमाल डिझेलच्या स्क्रूला हात लावू देऊ नकोस. पंप बेंचवर लावून चारही लाइनींना सारखं डिझेल येतं का ते पाहू दे, नोझलचं प्रेशर तपासून घे आणि टायमिंग कंपनीच्या मापाला बसव. इंजिन गार असताना टॅपेटचा गॅपही लावून घे. चढाला ओढ कमी वाटली तर वेळेवर खालचा गिअर टाकायचा. तो गिअर त्यासाठीच दिलेला आहे.

रेडिएटरबद्दल फार लिहीत नाही. जुना गाळ साचलेला रेडिएटर नव्या इंजिनाला जोडला, तर पहिल्याच मोठ्या चढाला हेड जाईल. तो उघडून साफ करून घे, होज बदल आणि थर्मोस्टॅट काढून टाकू नकोस. थर्मोस्टॅट काढला की इंजिन गार राहतं असा समज आहे, पण इंजिन गार चालवलं तर झीज वाढते.

नवं इंजिन रुळवायला, म्हणजे रनिंगला, गाडी उभी ठेवली तर भाडं बुडतं, असं तू म्हणशील. इंजिन रात्रभर आयडलवर ठेवून रनिंग होतं, हा सगळ्यांत महागडा समज. आयडलवर रिंगमागे पुरेसा दाब नसतो, त्यामुळे ती लायनरला बसत नाही आणि लायनर चकचकीत होऊन ऑइल पिऊ लागतो. रिंग बसायला मध्यम लोड हवा, वेग सतत बदलता हवा. म्हणजे गाडी उभी ठेवायची गरजच नाही. पिरंगुट-पौड रस्त्यावर अर्ध्या लोडची भाडी घे, घाट काही दिवस टाळ आणि पहिलं ऑइल लवकर बदल. भाडं निम्मं होईल, बुडणार नाही.

शेवटी कागद. इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे हा बदल १४ दिवसांत आरटीओला कळवावा लागतो. ते इंजिन आधी ज्या गाडीत होतं ती ज्याच्या नावावर होती, त्याची पावती हातात नसेल तर ते इंजिन कितीही चांगलं असलं तरी घेऊ नकोस. पंप बेंचचा रिपोर्ट आला की मला पाठव आणि तोवर गॅरेजचे सगळे पैसे देऊ नकोस.

तुझा,
मामा